ब्रास, पायली आणि मीटर

घोडबंदरच्या खाडीपट्ट्यात रेतीचा भाव विचारला, तर उत्तर ब्रासमध्ये येतं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. खडीही ब्रासवर मिळते आणि गौण खनिजाचं स्वामित्वधन सरकार आजही ब्रासवरच मोजतं. इथल्या शाळेत सातवीत शिकणारा मुलगा मात्र आकारमानाचं एकक घनमीटर असल्याचं पाठ करतो. घरी आला की फ्लॅट चौरस फुटांत, गावची जमीन गुंठ्यांत, आईचं मंगळसूत्र तोळ्यांत आणि आजीचं लुगडं नऊ वारांत. दूध लिटरने, साखर किलोने, त्याची स्वतःची उंची फूट-इंचांत. ताप आला तर थर्मामीटर फॅरनहाइटमध्ये वाचायचा आणि हवामानाच्या बातमीतला उन्हाळा सेल्सिअसमध्ये ऐकायचा.

या गोंधळाला चारपाचशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यातला बराचसा याच किनाऱ्यावर घडला. मेट्रिक मापं बाजारात आणायला सरकारला पाच-सहा वर्षं पुरली. ती मुलांच्या हातात यायला कितीतरी जास्त काळ लागला आणि ते काम अजून पुरं झालेलं नाही. मोजमाप हा मोजूनच शिकण्याचा विषय आहे. महाराष्ट्रात हे ज्यांनी ओळखलं, त्यांचं काम कायद्याच्या गोष्टीइतकंच सांगण्याजोगं आहे.

घोडबंदर उल्हास नदीच्या मुखाकडच्या वसईच्या खाडीवर, साष्टी बेटाच्या उत्तर कडेला आहे. अरबी घोड्यांचा व्यापार इथे चाले, त्यावरून बंदराला हे नाव पडल्याचं सांगतात. टेकडीवरचा किल्ला पोर्तुगीजांचा. सोळाव्या शतकात वसई हे त्यांच्या ‘उत्तर प्रांता’चं मुख्य ठाणं झालं, तेव्हा पहिली अडचण आली ती मोजण्याची. घोडे होर्मुझकडून येत, भात साष्टी-वसईच्या खाचरांतून आणि मिरी मलबारातून. प्रत्येक बंदराचा मण वेगळा आणि खंडीही वेगळी. १५५४ साली आंतोनियो नुनिश याने हिंदुस्थानातली वजनं, मापं आणि नाणी यांची एक नोंदवहीच तयार केली. तिच्यात होर्मुझ, गोवा, चौल यांच्याबरोबर वसईही आहे. त्याच वर्षीच्या सिमाँव बोतेल्यूच्या महसुली दप्तरात वसईच्या गावांचा सारा काही ठिकाणी रोख रकमेत, तर काही ठिकाणी भाताच्या मुड्यांत मांडलेला दिसतो. मुडा म्हणजे पेंढ्यात गच्च बांधलेला भाताचा गठ्ठा. कोकणात बियाण्याचं भात असं मुड्यात बांधून ठेवण्याची रीत अगदी अलीकडेपर्यंत होती.

मराठ्यांनी १७३७ मध्ये घोडबंदर घेतलं आणि १७३९ मध्ये वसई. त्यांच्या राज्यात जमिनीचं माप ठरवण्याची परंपरा आधीच तयार होती. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या काळच्या काठीचं माप दिलेलं आहे: पाच हात आणि पाच मुठी मिळून एक काठी. हात चौदा तसूंचा, काठी एकूण ब्याऐंशी तसूंची. वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद जमीन म्हणजे बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा एक चावर. या मोजणीच्या कामात अण्णाजी दत्तोंचं नाव येतं. हात आणि मूठ ही शरीराची मापं असली, तरी कोणाचा हात हा प्रश्न त्या काळीही सुटलेला नव्हता असं मानायचं कारण नाही. हात किती तसूंचा हे ठरवून दिलं की तो कोणा एका माणसाचा राहत नाही. प्रमाण माप म्हणतात ते हेच, आणि वर्गात मुलांना हात-वीत मोजायला लावून शिकवण्याची पहिली गोष्टही हीच.

साष्टी १७७४ मध्ये इंग्रजांकडे गेली. मुंबई इलाख्यातल्या जमीन मोजणीला नवं वळण लागलं ते १८३५ नंतर, गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यातून सुरू केलेल्या पाहणीमुळे. त्यांची साखळी तेहेतीस फुटांची. तिचे भाग सोळा आणि प्रत्येक भागाला नाव आणा, म्हणजे रुपयाचे आणे जितके तितकेच साखळीचे. हिशेबाची सवय असलेलं माणूस चटकन सरावावं अशी ही रचना. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. आज सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेलं असतं, तरी माणूस गुंठेच बोलतो. त्यात फारसं बिघडत नाही, कारण एक आर म्हणजे १०० चौरस मीटर आणि एक गुंठा म्हणजे सुमारे १०१.१७ चौरस मीटर. दोन वेगळ्या मुलखांत जन्मलेली ही दोन मापं योगायोगाने शेजारी येऊन उभी राहिली, म्हणून जमिनीच्या कागदावर मेट्रिक बदल बिनबोभाट पचला.

बाजारात तसं नव्हतं. मुंबईचा जुना मण २८ पौंडांचा, म्हणजे आजचे १२.७ किलो. सरकारी आणि रेल्वेचा मण ८२ पौंडांहून किंचित जास्त, म्हणजे ३७.३ किलो. एकाच जिल्ह्यात एकाच शब्दाचे दोन अर्थ आणि त्यांच्यात जवळजवळ तिपटीचा फरक. भाईंदर-मीरा भागात मिठागरांचे चौकोन दूरवर पसरलेले होते. मिठावरचा कर मोठ्या, सरकारी मणावर होता: १९२३ मध्ये तो मणाला अडीच रुपये केला गेला आणि लगेच पुढच्या वर्षी पुन्हा सव्वा रुपयावर आला. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाच्या वेळी तो सव्वाच होता. मण म्हणजे नेमका किती, हे ज्याला ठाऊक नाही त्याला आपल्याकडून किती कर गेला हेही कळत नाही. मुंबई इलाख्याने १९३२ साली वजनं-मापांचा कायदा करून १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण ठरवून दिला. कागदावर घोळ मिटला, खळ्यावर तो तसाच राहिला.

धान्य तर वजनावर नव्हे, मापावर विकलं जाई. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. लाकडी किंवा पितळी माप धान्यात रोवायचं, वर शीग चढेपर्यंत भरायचं आणि ओतायचं. मोजणारा पहिल्या मापाला ‘एक’ म्हणत नसे, ‘लाभ’ म्हणे. मग दोन, तीन, चार. देणाऱ्याच्या हाताने माप हलकेच टेकलं की दाणे सैल बसतात, घेणाऱ्याने आपटून भरलं की तेच माप जास्त धान्य खातं. शिगेचं माप आणि सपाट माप यांतही फरक. पायलीत किती दाणे मावतात हे दाण्यावर, ओलाव्यावर आणि मापाऱ्याच्या हातावर ठरतं. मोजणं म्हणजे एक आकडा सांगणं नव्हे, त्या आकड्यामागे मोजण्याची एक ठरलेली रीत लागते, हे खळ्यावर वाढलेल्या मुलाला न शिकवता कळत असे.

पंतोजींच्या शाळेत मात्र माप हाताळलं जात नसे. धुळपाटीवर अंक गिरवून झाले की पाढे. नुसते दोनाचे-तीनाचे नव्हेत, तर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. रुपया सोळा आण्यांचा, शेर चार पावशेरांचा, मण चाळीस शेरांचा. सगळे व्यवहार अर्ध्या-पाव-अर्धपावात चालत, म्हणून हे पाढे जगण्याची गरज होते. सव्वासात शेर तांदळाचे पावणेतीन आण्यांच्या दराने किती, हे मुलं बोटांवर न मोजता सांगत. ही तल्लख तोंडी विद्या होती आणि तिच्याविषयी आदर वाटलाच पाहिजे. शेर हातात घ्यायचं काम घर, शेत आणि बाजार करत होतं, शाळा फक्त हिशेब शिकवी. ही वाटणी फार काळ चालली, आणि मेट्रिक पद्धती आली तेव्हा नेमकी तीच मोडली.

मीटरचा जन्म फ्रान्सच्या क्रांतीतला. पृथ्वीच्या ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एक कोट्यंश म्हणजे मीटर, असं १७९१ मध्ये ठरलं. डेलांब्र आणि मेशां या दोघांनी डंकर्क ते बार्सिलोना हे अंतर मोजायला १७९२ ते १७९८ अशी वर्षं घातली. नवं माप लोकांच्या अंगवळणी पडावं म्हणून पॅरिसमध्ये ठिकठिकाणी भिंतींत संगमरवरी मीटर बसवण्यात आले, येणाऱ्या-जाणाऱ्याने आपली काठी किंवा कापड त्याला लावून पाहावं म्हणून. व्होजिरार रस्त्यावर त्यातला एक अजून पाहायला मिळतो. माप शिकवायचं तर ते लोकांच्या हाताला लागेल अशा उंचीवर ठेवावं लागतं, ही समज तिथे पहिल्या दिवसापासून होती.

आपल्याकडे ती समज आधी आली बालवाडीत. १९२० च्या दशकापासून गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी भावनगरला माँटेसरी पद्धतीवर काम केलं. मारिया माँटेसरी स्वतः १९३९ मध्ये भारतात आल्या. त्यांच्या साहित्यातल्या लांब दांड्यांच्या संचात दहा दांड्या असतात: सगळ्यांत लहान दहा सेंटिमीटरची, पुढची वीस, आणि अशा चढत्या क्रमाने शेवटची पूर्ण एक मीटरची. गुलाबी मनोऱ्याचे दहा घन एक सेंटिमीटरपासून दहा सेंटिमीटर बाजूपर्यंत वाढत जातात. तीन-चार वर्षांचं मूल या दांड्या दोन्ही हातांनी उचलून ओळीने मांडतं. त्याला कोणी दशमान शिकवत नाही, पण हातांमधलं अंतर प्रत्येक वेळी तेवढंच वाढत असल्याचं त्याच्या खांद्यांना कळतं. देशाच्या बाजारात शेर-मण चालू असताना हे साहित्य वापरणाऱ्या बालमंदिरांतली मुलं दशमानाच्या पायऱ्या हाताळत होती.

ताराबाईंनी पुढचं पाऊल टाकलं ते तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांच्या सोबत आल्या आणि १९५७ च्या सुमारास हे काम डहाणूजवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. माँटेसरीचं परदेशी घडणीचं साहित्य गावाला परवडणारं नव्हतं. त्यांनी शिंपले, बिया, खडे, काठ्या, पानं, मडकी यांतून तेच काम करवून घेतलं. लहान-मोठं, हलकं-जड, उथळ-खोल हे अनुभव पाड्यावरच्या वस्तूंतून मुलांपर्यंत गेले. घोडबंदर तेव्हा त्याच जिल्ह्यातलं, त्याच समुद्राकाठचं. या किनाऱ्याने शिक्षणाला दिलेली ही देणगी बालवाडीपुरतीच मानली गेली, मोठ्या वर्गांतल्या विज्ञानाने तिच्याकडे फारसं पाहिलं नाही. ही एक मोठी संधी हुकली असं म्हणावं लागतं.

वर्ध्याला १९३७ मध्ये मांडलेल्या नयी तालीममध्येही मोजमाप हातात होतं. टकळीवर काढलेलं सूत अटेरनावर गुंडाळायचं, तार मोजायच्या, ६४० तारांची गुंडी करायची, तिचं वजन पाहून सुताचा नंबर काढायचा. आपण कातलेल्या सुताचा नंबर चुकला तर तो मुलालाच टोचायचा. एकक दशमान नव्हतं, पण मोजण्याला कारण होतं.

मग कायदा आला. दशमान पद्धतीसाठी ‘इंडियन डेसिमल सोसायटी’ प्रयत्न करत होती, फणींद्रनाथ सेठ तिच्या अग्रभागी होते. १९५५ मध्ये नाण्यांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा अर्थमंत्री होते महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले चिंतामणराव देशमुख. १ एप्रिल १९५७ पासून रुपया शंभर नया पैशांचा झाला. चार आण्यांचे पंचवीस, आठ आण्यांचे पन्नास, हे सरळ होतं. अडचण एका आण्याची: तो सव्वासहा नये पैसे. दुकानांत रूपांतराचे तक्ते टांगले गेले, जुनी नाणी आणखी काही वर्षं नव्यांच्या बरोबरीने फिरली आणि ‘नया’ हा शब्द १९६४ मध्ये गळाला. वजनमापांचा कायदा डिसेंबर १९५६ चा. त्या वेळी देशात दीडशेच्या आसपास निरनिराळ्या वजन-पद्धती चालू होत्या. ऑक्टोबर १९५८ पासून निवडक भागांत किलोग्रॅम सुरू झाला, मुंबई राज्याने त्याच वर्षी अंमलबजावणीचा आपला कायदा केला आणि १९६२ पर्यंत मेट्रिक वजनं सक्तीची झाली. वाण्याच्या पारड्यात षटकोनी लोखंडी वजनं आली. वजन उलटं केलं की तळाशी एक खळगा दिसतो, त्यात शिसं भरलेलं असतं आणि शिशावर निरीक्षकाचा ठसा. लोखंड झिजलं तर शिसं घालून वजन पुरं करायचं आणि पुन्हा ठसा मारून घ्यायचा. देशाचा प्रमाण किलोग्रॅम, पॅरिसहून आलेली ५७ क्रमांकाची प्लॅटिनम-इरिडियमची प्रत, दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत होता. त्या प्रतीपासून भाईंदरच्या दुकानातल्या अर्ध्या किलोपर्यंत ठशांची एक अखंड साखळी होती.

इतक्या मोठ्या देशाने इतक्या थोड्या वर्षांत हे केलं, ही कौतुकाची गोष्ट आहे.

शाळांनी मात्र जुन्या सवयीने नवं सूत्र पाठांतरात बसवलं. पावकी-दीडकी हळूहळू मागे पडली आणि तिच्या जागी किलो, हेक्टो, डेका, मीटर, डेसी, सेंटी, मिली ही पायऱ्यांची आकृती आली. खाली उतरताना दहाने गुणा, वर चढताना दहाने भागा. डेकामीटर आणि हेक्टोमीटर बाजारात कोणी वापरत नव्हतं, तरी परीक्षेत ते होते. शेर मुलाला घरून ठाऊक असे, किलोग्रॅम तसा ठाऊक नव्हता, म्हणून आता तो शाळेने हातात द्यायला हवा होता. फळ्यावरची मीटरपट्टी बहुतेक वेळा कपाटाला टेकून उभी राहिली आणि मुलांनी पाच किलोमीटरचे मिलिमीटर केले. हा दोष कोणा एका शिक्षकाचा नव्हे. साठ-सत्तर मुलांच्या वर्गात एक मीटरपट्टी आणि एक तराजू असेल, तर गुणाकारच शिकवले जाणार.

यावर ठोस उत्तर सापडलं ते महाराष्ट्राच्या सीमेपलीकडे, पण त्यात मुंबईचा हात होता. १९७२ मध्ये किशोर भारती आणि रसूलियाचं फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थांनी मध्य प्रदेशातल्या होशंगाबाद जिल्ह्यात सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात केली. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले शास्त्रज्ञ त्यांच्या मदतीला होते. १९७८ मध्ये हा कार्यक्रम सगळ्या जिल्ह्यात पोचला, १९८२ पासून ‘एकलव्य’ने तो सांभाळला आणि २००२ मध्ये राज्य सरकारने तो थांबवला. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्यांची पुस्तकं. त्यांत मोजमापाचं काम सुरू होतं ते एकाच वस्तूची लांबी सगळ्यांनी मोजण्यापासून. प्रत्येक टोळीचं उत्तर थोडं वेगळं येतं. पारंपरिक वर्गात इथे शिक्षक बरोबर उत्तर सांगून मोकळा होतो. होशंगाबादमध्ये मुलं सगळी उत्तरं फळ्यावर लिहीत, कोणतं किती वेळा आलं याचा स्तंभालेख काढत आणि मग वाद घालत: पट्टीचं टोक झिजलेलं होतं का, शून्यापासून मोजलं की कडेपासून, डोळा तिरका होता का, दोरी ताणली किती. मोजमापात घट-बढ असायचीच, ती लपवायची नसते, तिचा आवाका सांगायचा असतो. विज्ञानातली ही फार मोठी गोष्ट सहावीतल्या मुलांनी बाकाची लांबी मोजता मोजता मिळवली. परीक्षेत पुस्तक उघडून बसायची मुभा होती आणि प्रयोगही करून दाखवावे लागत.

१९७८ मध्ये पुण्यातल्या मोटार कारखान्यातला एक अभियंता रजा घेऊन होशंगाबादला गेला. अरविंद गुप्ता त्यांचं नाव. आठवडी बाजारात मिळणाऱ्या सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून घन, पिरॅमिड, त्रिकोण करायची युक्ती त्यांना तिथे सापडली. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी २००३ ते २०१४ या काळात हजारो मुलांच्या हातात टाकाऊ वस्तूंची खेळणी दिली. मुंबईत १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र उभं राहिलं. वि. गो. कुलकर्णी त्याचे पहिले संचालक. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरातल्या ग्रामीण शाळांत केंद्राने सत्तरच्या दशकात काम केलं आणि जयश्री रामदास यांनी नंतर लिहिलेल्या ‘स्मॉल सायन्स’ मालिकेत प्राथमिक वर्गांचं विज्ञान कृतींभोवती बांधलं. अंधेरीतल्या मोठ्या कंपनीची संशोधनातली नोकरी सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पाबळला गेले आणि विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे मुलं वेल्डिंग करतात, भिंत बांधतात, झाडांना पाणी देतात. लोखंडी कोन पाच मिलिमीटर आखूड कापला गेला तर दाराची चौकट जुळत नाही, आणि मिलिमीटर म्हणजे काय ते जन्मभर लक्षात राहतं.

आता घोडबंदरकडे पुन्हा यायला हवं, कारण या लोकांनी जे दाखवलं त्यासाठी लागणारं सगळं सामान इथे पायाशी पडलेलं आहे. सातवीच्या विज्ञानात भौतिक राशींच्या मापनाचा पाठ आहे. तो खाडीकाठच्या शाळेत कसा शिकवता येईल?

पहिलं सामान म्हणजे खाडीचं पाणी. मुंबईच्या अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीच्या नोंदी होत आल्या आहेत. जगातल्या जुन्या नोंदींत त्यांची गणना होते. त्याच समुद्राची भरती घोडबंदरला वर चढून येते. जेट्टीच्या खांबावर दर दहा सेंटिमीटरला रंगाची रेघ मारली आणि मोठ्यांच्या सोबतीने अर्ध्या अर्ध्या तासाने नोंद घेतली, तर सहा-सव्वासहा तासांत भरतीची ओहोटी होताना आलेखावर दिसते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग यांतला फरक कोळ्यांच्या घरातली मुलं बोलण्यातून जाणतातच, इथे तो सेंटिमीटरमध्ये उतरतो. खोली वावात सांगणारा आजा आणि मीटरमध्ये लिहिणारी नात यांनी एकाच दोरीने मोजलं, तर वाव जवळजवळ १.८ मीटरचा आहे हे दोघांनाही कळेल.

दुसरं मीठ. मोकळ्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. खाडीचं एक लिटर पाणी पसरट थाळ्यात उन्हात आटवलं आणि उरलेलं स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर तोललं, की पाऊस संपताना एक आकडा येतो आणि मे महिन्यात त्याहून बराच मोठा. नदीचं गोडं पाणी किती मिसळलं ते ग्रॅममध्ये समोर येतं. मिठागरावरचे आगरी ज्या खाऱ्या पाण्याची पारख नजरेने आणि हाताने करत, त्याची ही वर्गातली नोंद.

तिसरी रेती, आणि ती या सगळ्यांत मोलाची. आधी एक-एक मीटरच्या बारा काठ्या दोरीने बांधून मुलांनी घनमीटरचा सांगाडा उभा करावा. छपरावरच्या हजार लिटरच्या टाकीत मावणारं पाणी नेमकं एवढंच असतं. मग ब्रास घनमीटरमध्ये काढावा: २.८३, म्हणजे अशा जवळपास तीन टाक्या. आतून ४.२ मीटर लांब आणि २.१ मीटर रुंद हौद्यात दोन ब्रास रेती सपाट पसरली, तर ती साधारण ६४ सेंटिमीटर उंच येईल. हे गणित वहीत केल्यावर उभ्या ट्रकला टेप लावून पाहता येतं.

पण रेती ओली असेल तर? किंचित ओल्या रेतीत कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर राहतात आणि तीच रेती जास्त जागा व्यापते. स्थापत्य अभियंत्यांना ही फुगवट चांगली माहीत आहे. बारीक रेतीत पाच टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना आकारमान वीस-तीस टक्क्यांपर्यंत वाढू शकतं. शाळेत हे पाहायला एक सरळ उभ्या भिंतीची पारदर्शक बरणी पुरते. तिच्यात ओलसर रेती न दाबता २० सेंटिमीटर उंचीपर्यंत भरायची. मग ती बाहेर काढून बरणीत पाणी घ्यायचं आणि तीच रेती थोडी थोडी त्यात सोडून ढवळायची. खाली बसलेल्या रेतीची उंची पुन्हा पट्टीने मोजली की ती १६-१७ सेंटिमीटरच भरते. रेतीचा एक कणही कमी झालेला नसतो. मुलांनी बरणी आधी आणि नंतर तोलली असेल तर वजनात फक्त ओतलेल्या पाण्याची भर दिसेल. वेगवेगळ्या टोळ्यांचे आकडे होशंगाबादच्या मुलांसारखे फळ्यावर मांडले, कोणाची रेती किती ओली होती ते लिहिलं, की आकारमान आणि वस्तुमान ही दोन वेगळी मापं का आहेत हा प्रश्न मुलंच विचारू लागतात. त्यापाठोपाठ दुसराही प्रश्न येतो, आणि तो विज्ञानाच्या तासाबाहेर जाणारा आहे: बांधकामाची रेती ब्रासवर घ्यावी की टनावर, आणि ट्रक खाडीकाठाहून भरून निघाला त्या दिवशी ती किती ओली होती.